डाव्या कानाचा काप

झुंबरबाईला सुनेचं एक वागणं मुळीच पटत नव्हतं. दैवशाला उलट बोलत नव्हती, कामाला पाठ दाखवत नव्हती, भाकरीही पातळ थापायची. पण एखादी गोष्ट ठरली की ती करून मोकळी व्हायची आणि का केली ते सांगायची नाही. विचारलं की एकच उत्तर, "नियम हाये आत्याबाई." जसा काही नियम म्हणजे तिच्या माहेरचा पाहुणा, कधीही यावा आणि थेट चुलीपुढं पाट मांडून बसावा.

पहिला नियम आला तो पिवळ्या बिल्ल्यांचा. केदारखेड्याच्या शिवारातली त्यांची शंभरावर मेंढरांची खांड, आणि एकेकाच्या उजव्या कानात नंबराचा बिल्ला लटकला. मग लशीचा नियम आला. मग विकायचे नर वेगळ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडायचे, त्यांना दुसऱ्याच्या मेंढरांत पाण्यावर न्यायचं नाही, हा आला. झुंबरबाईनं ते सगळं सोसलं. भोकरदनचा व्यापारी लतीफ सांगून गेला होता की हे नर इथून नाशकाला आणि नाशकाहून विमानात बसून आखातात जातील. झुंबरबाई खांडीमागं पायी पाच तालुके हिंडली होती, पण विमान तिनं खालूनच पाहिलेलं. "मेंढरांचं नशीब बघ," ती जावेला, कौसल्येला म्हणाली, "न्हाईतर मला एस्टीतबी कोणी सरकून जागा देत न्हाई."

चौथा नियम आला तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. कोकरांचे कान कापायचे नाहीत.

त्यांच्या घराची खूण होती ती. कोकरू जरा उड्या मारायला लागलं की घरातल्या थोरल्या बाईनं त्याला मांडीत धरायचं, डाव्या कानाला हळद लावायची, टोकाचा तिरपा काप घ्यायचा आणि तो तुकडा बिरोबापुढं ठेवायचा. सासूनं हे काम तिच्या हाती दिलं त्या दिवशी झुंबरबाई पाटलीण झाल्यासारखी गावातून चालली होती. चार खांडी एका डोहावर आल्या तरी तिचं मेंढरू लांबून ओळखू यायचं.

"बिल्ला हाये न्हवं आता," दैवशाला म्हणाली.

"बिल्ला तुटला तर?"

"दुसरा मारायचा."

"आन कान का कापायचा न्हाई?"

"नियम हाये आत्याबाई."

आश्विनात एक दिवस नदीवर भिवा भेटला. तो शेजारच्या खांडीचा धनी, फाटक्या तोंडाचा. "काय गं वहिनी," तो म्हणाला, "यंदाची कोकरं बिनखुणाचीच? मंग कोणाची म्हणून हाकलायची? का सूनबाईची म्हणायची?"

एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी दैवशाला बायकांच्या गटाच्या ट्रेनिंगला जालन्याला गेली, तिचा नवरा, झुंबरबाईचा लेक आदिनाथ, चारा आणायला टेंभुर्णीला गेला, आणि झुंबरबाईनं वस्तरा दगडावर घासला. हळद, काप, बिरोबा. हळद, काप, बिरोबा. सात नर झाले. आठव्याला मांडीत धरलं तेवढ्यात फटफटी वाजली आणि दैवशाला आली.

तिनं सात कान पाहिले. सासूच्या हातातला वस्तरा पाहिला. आत गेली, औषधाची बाटली आणली, सातही कानांना लावलं आणि भाकरी टाकायला बसली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर झुंबरबाईला बरं वाटलं असतं. चार गोष्टी ऐकवायची तयारी करून बसलेल्या माणसापुढं कोणी गप राहणं हा केवढा अपमान असतो!

तिनंही मग तो विषय काढला नाही. आठव्या नराला मात्र हात लावला नाही.

चैत्र लागला. नर भरून आले. आदिनाथनं एके दिवशी जेवता जेवता सांगून टाकलं, "माय, लतीफची ही गाडी आपल्या नरांनी भरली तर खांड ठेवायची. शेड बांधू, दरसाल माल देऊ. न्हाई भरली तर खांड इकतो. अंकुशनगरच्या कारखान्यावर गोदामाची राखण करायचं काम हाये, खोलीबी देतेत."

"आन मी तिथं काय करू?"

"खोलीत बसायचं. आराम करायचा."

झुंबरबाईनं ताट पुढं सारलं. सकाळी उठून ज्या माणसाला खांडीचा बँबँ ऐकू येणार नाही, त्यानं उठायचंच कशाला?

गाडीत भरायच्या नरांच्या तपासणीला चार दिवस उरले असताना लतीफ चहाला आला. हा लतीफ तिच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. त्याचा बाप त्यांच्याच खांडीतून माल न्यायचा. त्याचा चहा अर्धा झाला असेल तेव्हा तिनं सहज म्हणून विचारलं, "का रे लतीफा, तुमच्या त्या आखातवाल्यांना कानाचं एवढं काय पडलंय? खातेत का कान?"

लतीफ हसला. "खायची बात न्हाई मावशी. हा माल बकरी ईदचा हाये. कुर्बानीचं जनावर बेऐब लागतं. आंधळं चालत न्हाई, लंगडं चालत न्हाई, कान तुटलेलं चालत न्हाई. अल्लाला द्यायचं ते पुरं द्यायचं. आखातातला घेणारा पैले कान बघतो."

झुंबरबाईनं कपबशी खाली ठेवली.

देवाचं होतं तर! बिरोबाला सोडायचा मेंढा ती स्वतः निवडायची. खुरापासून शिंगापर्यंत हात फिरवून बघायची. खरचटलेलासुद्धा मागं सारायची. देवाच्या मेंढ्याचा कानही कधी कापायचे नाहीत, तो जन्मापासून वेगळा राखायचे. मग हेच तिला कोणी सांगितलं असतं तर? नियम म्हणे!

"किती लागतात रे गाडीला?" तिनं हळूच विचारलं.

"चाळीस. तुमच्याकडं बेचाळीस हायेत, बिलकुल फिकर न्हाई. पण चाळीसला कमी पडले तर गाडी रिकामी फिरती मावशी. पुन्हा या वाटेला येत न्हाई."

बेचाळिसातले सात गेले तर काय उरतं, हे शाळेत न जाताही तिला कळलं.

पुढचे चार दिवस झुंबरबाईचे फार वाईट गेले. भाकर गोड लागेना. ती वाघरीत जाऊन त्या सातांचे कान चोळायची. करडीचं तेल लावून, बाळाचं नाक ओढून सरळ करतात तसा एकेक कान ओढून बघायची, जरा लांबतोय का. मेंढे बिचारे मान वाकडी करून उभे राहायचे. एकदा मागं वळून बघते तर दैवशाला घमेलं घेऊन उभी.

"काय करू राह्यलात आत्याबाई?"

"गोचिडी काढू राह्यले."

"बरं," म्हणून सून निघून गेली.

तपासणीच्या सकाळी गाडी आली. सोबत लतीफ आणि नाशिकहून आलेला एक तरुण डॉक्टर. दैवशालेनं एकेक नर पुढं आणायचा, डॉक्टरनं दात, खूर, डोळे बघायचे, आदिनाथनं पास झालेला गाडीकडं हाकायचा. झुंबरबाई लिंबाखाली बसली होती. पदराचं टोक चावून ओलं केलं होतं तिनं.

एक नर मागच्या पायानं जरासा लंगडला. डॉक्टरनं बाजूला काढला. राहिले एक्केचाळीस. म्हणजे आता एकच जायला जागा.

सातही कानकापे दैवशालेनं मुद्दाम शेवटी ठेवले होते. ते आले तसं डॉक्टर म्हणाला, "तब्येत चांगली आहे. कानाचं मात्र लतीफभाई, तुमचं तुम्ही बघा."

लतीफनं कडब्यातली एक काडी उचलली. पहिल्या मेंढ्याचा उजवा कान बुडापासून टोकापर्यंत मापला, काडी तेवढी मोडली, तिचे तीन सारखे भाग नखानं खुणावले. मग तीच काडी डाव्या कानाला लावली.

"हे काय करतो रे?" झुंबरबाई उठून उभीच राहिली.

"मौलानांना इचारून आलो मावशी. तिसऱ्या हिश्श्याच्या आत गेला असंल तर जनावर चालतं. वर गेला असंल तर न्हाई. आखातातल्यालाबी फोन करून घेतला, तोबी हो म्हणला."

"मंग बघ ना! तोंड काय बघतो माझं?"

पहिला आत होता. दुसरा आत होता. तिसऱ्याच्या वेळी लतीफनं काडी दोनदा लावली आणि झुंबरबाईनं बिरोबाला मनातल्या मनात काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच माहीत. तोही आत होता. चौथा आत.

पाचव्याला लतीफनं मान हलवली. "हा जास्ती गेला."

तो तिनं सगळ्यात आधी कापलेला. रागात हात भारी पडला होता. तो वाघरीत परत गेला आणि लगेच कडब्याला लागला. राहिले चाळीस. आता एकही जायला नको. आदिनाथ पाठ करून गाडीच्या दोऱ्या आवळत होता, पण त्याचे हात थांबले होते.

सहावा आत होता.

सातवा मेंढा दांडगा. तो लतीफला कान धरू देईना. तेव्हा झुंबरबाई पुढं झाली, त्याची मान आपल्या काखेत घेतली आणि म्हणाली, "आता लाव." लतीफनं काडी लावली. बघितलं. परत बघितलं. "टोकापुरताच उडवलाय मावशी. हात हलका हाये तुमचा. पुरे चाळीस!"

झुंबरबाई मेंढ्याला सोडून तिथंच मातीत बसली. आधी वाटलं रडू येतंय, पण आलं हसू. पोट धरून हसली. आदिनाथही हसायला लागला. कौसल्या पळत आली, तिला वाटलं म्हातारीला काही झालं. लतीफ म्हणाला, "मावशी, चा टाका जल्दी, साखर जादा." डॉक्टरनंही दोन कप घेतले. वाघरीतला लंगडा आणि तो कानतुटका, दोघं मजेत चरत होते. खांडीला मेंढा लागतोच, त्यातला एक ठेवायचा हे आदिनाथनं तिथंच ठरवून टाकलं. गाडी धूळ उडवत भोकरदनच्या रस्त्याला लागली आणि मागं उरलेल्या खांडीनं असा कल्ला केला, की झुंबरबाईला पहिल्यांदा चार दिवसांची भूक एकदम लागली.

दैवशालेनं भाकर आणि पिठलं पुढं ठेवलं. चार घास गेल्यावर म्हातारीच्या काहीतरी ध्यानात आलं.

"लतीफाला मौलानांकडं कोणी धाडलं?"

"मी," दैवशाला म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही कान कापले त्याच्या दुसऱ्या दिवशी. लतीफभाईलाबी गप राहायला सांगितलं."

"आश्विनात?" झुंबरबाईचा घास हातातच राहिला. "म्हंजी तुला तवाच ठावं होतं? आन मी इथं येड्यावानी मेंढरांचे कान ओढत बसले, ते तू बघू राह्यली?"

"बघितलं ना."

"मंग सांगितलं का न्हाईस गं?"

दैवशालेनं तव्यावरची भाकर उलटली. "थोडा कापलेला चालतो म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही उरलेल्यांचेबी कापले असते."

आदिनाथनं तोंडात घास नसताना ठसका दिला आणि तांब्या घेऊन बाहेर गेला. झुंबरबाईनं तो दिवस आठवून बघितला. खोटं नव्हतं. आठवा तर तिच्या मांडीतच होता त्या दिवशी. तिनं घास चावला, गिळला, पाणी प्यायली, आणि मग अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ऐक दैवशाले. तुझं डोकं बराबर हाये, ते मी आज मानलं. खांड तुझ्या मतानं चालू दे, मी आड येणार न्हाई. पण तुझं तोंड घुमं हाये बाई, बिलकुल घुमं! देवासाठी कान राखायचाय, एवढं एक वाक्य तू बोलली असतीस तर मी वस्तऱ्याला हात लावला नसता. ह्यापुढं मला नियम सांगायचा न्हाई. कारण सांगायचं. आन आता वाढ अजून एक भाकर, बघत काय बसलीस!"