‘टेक’चा खण

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खण आहे. खण म्हटल्यावर तुम्हाला मोजे आणि तुटक्या पेन्सिली आठवल्या असतील. पण माझ्या पोटात एक अख्खा इंग्रजी शब्द राहायचा.

एका सुताराने मला माझ्या भावंडांसकट कपाटात बसवले आणि ते कपाट दोन बहिणींच्या कामाच्या खोलीत आले. थोरलीला सगळे ताई म्हणत. दुसरीचे केस पिकले तरी ती धाकटीच राहिली. दोघी मिळून इंग्रजी-मराठी शब्दकोश करत होत्या. शब्दाचा प्रत्येक अर्थ वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा आणि ती चिठ्ठी खणात उभी लावायची, अशी त्यांची रीत. माझ्या भावंडांच्या वाट्याला ढीगभर शब्द आले. मला मिळाला एकच, ‘टेक’.

‘टेक’ म्हणजे घेणे, झाले! असे मला वाटले होते. पण आपण औषध घेतो, फोटो काढतो, बस पकडतो, छत्री सोबत नेतो, कामाला वेळ लागतो, आणि इंग्रजीत या सगळ्याला पुन्हा ‘टेक’च. परीक्षा तर आपण देतो. तिथेही हा घेणारा हजर! पाहुणे आले की ताई कौतुकाने आधी मलाच उघडून दाखवायची. तेव्हा माझी छाती फुगायची.

ताई अर्थ पुस्तकांतून वेचायची. धाकटी मात्र औषधांच्या दुकानात, बसच्या रांगेत कान टवकारून उभी राहायची. एकदा शिंप्याने ढगळ कोट कमरेशी चिमटीत धरला आणि तो आत घ्यायला हवा हे सांगताना ‘टेक’च वापरले. ही बया कोट तिथेच टाकून चिठ्ठी लिहायला घरी धावली!

“आपण कोश करतोय, चकाट्या पिटत नाही,” म्हणत ताई त्या चिठ्ठ्या अगदी मागे सारायची.

“शेजारचा खण रिकामा आहे गं. अर्ध्या तिकडे ठेवू?”

“शब्द फोडायचा नाही,” ताई म्हणायची. “एक शब्द, एक खण.”

मी गच्च भरलो. मागच्या चिठ्ठ्या माझ्या काठावर डोकावू लागल्या. मला बंद करताना वरची फळी त्यांना खरवडायची आणि त्या माझ्या पाठीमागे, कपाटाच्या अंधारात पडायच्या. मी कुरकुरलो, अडलो. ताईने दर वेळी गुडघा लावून मला आत ढकलले.

मग छापखान्याचा माणूस चिठ्ठ्या न्यायला आला. धाकटीने मला उघडले आणि तिचा हात तसाच राहिला.

“ताई, माझ्या चिठ्ठ्या कुठायत?”

“असतील तिथेच.”

“एकही नाहीये. तूच फेकल्यास ना? पहिल्यापासून डोळ्यांत सलत होत्या तुझ्या!”

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. “आवडत नव्हत्या, खरंय. पण फेकीन मी? एवढंच ओळखलंस मला?”

“बाई, आज नाही नेलं तर मशीन दुसऱ्या कामाला लागेल,” छापखान्याचा माणूस चाचरत म्हणाला.

“न्या तुम्ही, आहे तसं.” धाकटीने पिशवी खांद्याला लावली. “फक्त कोशावरून माझं नाव काढा. मी परत यायची नाही.”

मित्रांनो, तिची सगळी वर्षे माझ्या पाठीला टेकून पडली होती, आणि मला तोंड नव्हते!

ताईने रागाने मला ढकलले. मागे आता इतकी दाटी झाली होती की मी अर्ध्यावरच अडलो. तिने गुडघा लावला. माझे सांधे कडकडले, पण आत गेलो असतो तर चिठ्ठ्यांचा चुराडा झाला असता. जन्मात पहिल्यांदा मी मालकिणीचे ऐकले नाही.

धाकटी दारापर्यंत पोहोचली होती. तो आवाज ऐकून ती सवयीनेच वळली. “अगं, ढकलू नकोस, मोडेल तो! बाहेर काढ.”

दोघींनी मिळून ओढले आणि मला जमिनीवर ठेवले. ताईने माझ्या रिकाम्या जागेत खांद्यापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तो चुरगळलेल्या चिठ्ठ्या घेऊन. ती पुन्हा पुन्हा हात घालत राहिली. शिंप्याची चिठ्ठी सगळ्यात शेवटी आली.

“मीच ढकलल्या गं,” ताई कशीबशी म्हणाली. “माझ्या हट्टापायी.”

“मीही नको ते बोलले.” धाकटी खाली बसून एकेक चिठ्ठी मांडीवर सरळ करू लागली. छापखान्याचा माणूस वाट बघत खुर्चीवर टेकला.

ताईने शेजारचा रिकामा खण ओढला आणि हातानेच पुसला.

“इथे लाव तुझ्या. शब्द फुटला तरी चालेल.”

कोश छापून झाला. आता मला क्वचितच कोणी उघडते. माझ्या कडांवर धूळ साचली आहे. तरी एक मागणे आहे. तुमच्या घरातला एखादा खण अडला, तर त्याला गुडघा लावू नका. तो हट्ट करत नसतो. त्याला हलकेच बाहेर काढा आणि मागे हात घालून बघा.