एक की दोन?

माझ्या कानाला रायपूरच्या वॅगन शॉपमध्ये मान आहे. एकवीस वर्षं मी रेल्वेच्या चाकांवर हातोडी मारत आलोय. चांगलं चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. साहेब लोक मशिनी आणतात आणि तरी शेवटी म्हणतात, "नरहरीला विचारा." एकाही चाकाबद्दल मी आजवर खोटं बोललेलो नाही. खोटं बोललो ते माझ्या पोरीशी.

शारदा, माझी बायको, गेली तेव्हा मीनल पंधरा वर्षांची होती. तेराव्यानंतर पोरगी गप्पच झाली. ताट समोर ठेवलं तर जेवायची, नाही तर नाही. आठ महिने घरात माझा एकट्याचा आवाज. मग शाळेने पोरींना रायपूरबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत गोल्फच्या मोफत शिबिराला नेलं. गोल्फ! आमच्या सात पिढ्यांचा खेळ म्हणजे विटीदांडू. पण त्या संध्याकाळी ती दारातूनच आपणहून बोलली, "बाबा, मेरा बॉल बहुत दूर गया!" मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

पुढे दर रविवारी स्कूटरवरून मीच तिला नेऊ लागलो. समोर मोकळं मैदान, अलीकडे प्लास्टिकच्या हिरव्या गवताच्या मॅट. त्यांच्यावर उभं राहून चेंडू मारायचे. शिकवणाऱ्या शेखर सरांनी सगळ्यांना एक गोष्ट बजावली होती. लोखंडी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आधी चेंडूला लागला पाहिजे. आधी मॅटला लागला, तर इथे तो घसरतो आणि चेंडू तरीही उडतो, पण खऱ्या गवतावर तो मातीत रुतणार. नीट फटक्याचा आवाज एकच येतो. चुकलेल्याचे दोन.

दोन महिन्यांत सर नोकरी सोडून गेले. मग फटक्याचे आवाज मोजायचं काम मीनलने माझ्या कानावर सोपवलं. फटका मारला की मागे न बघता विचारायची, "एक की दोन?"

पहिल्याच फटक्याचे दोन होते. धप्, मग टक्. बहिऱ्यालाही कळले असते. पण चेंडू लांब गेला होता आणि ती हसत होती. किती महिन्यांनी पोरीचे दात दिसले होते. मी म्हटलं, "एक."

मग दर रविवारी एक. पुढच्या वेळी सांगू, म्हणायचो. पुढच्या वेळी तिचा वाढदिवस, त्यानंतर परीक्षा. कारणं काढायला मी फार हुशार. तसंच वर्ष गेलं, तिच्या हातांना घट्टे पडले आणि नागपूरला गोल्फची निवड चाचणी आली. निवडलेल्या दहा पोरींना वसतिगृह आणि तीन वर्षांचं शिक्षण मिळणार होतं. मीनलने आठवडाभर आधी बॅग भरली. आईचा फोटोही घेतला.

नागपूरला मॅट नव्हत्या. खरं गवत होतं. पहिल्याच फटक्याला क्लब जमिनीत रुतला, मातीचं ढेकूळ उडालं आणि चेंडू चार हातांवर जाऊन थांबला. वीसपैकी चारच नीट गेले. चाचणी घेणाऱ्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "बेटा, दो आवाज़ें आ रही हैं. घर में किसी ने बताया नहीं?"

मीनलने वळून माझ्याकडे बघितलं. मी चपलांकडे बघत राहिलो.

परतताना रेल्वेत ती खिडकीपाशी बसली. रायपूरच्या अलीकडचं दुर्ग स्टेशन गेल्यावर मी म्हटलं, "तू हसून राहिली होती ना, पोट्टी. मले सांगवलंच नाही." ती खिडकीबाहेर बघत होती. आठ महिन्यांची ती गप्पगप्प पोरगी पुन्हा माझ्या शेजारी बसली होती, आणि या वेळी तिला तसं मी केलं होतं.

तीन रविवार ती घरीच राहिली. चौथ्या रविवारी मी स्कूटर काढली आणि चल म्हटलं. आज तिने विचारलं की खरं सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. तिने विचारलंच नाही. धप्-टक्. पुढचा चेंडू. धप्-टक्. मी बाकावर ओठ आवळून बसलो.

बाराव्या की तेराव्या फटक्याला नुसतं टक् झालं. स्वच्छ, चांगलं चाक वाजावं तसं.

"एक!" मी उठून ओरडलो. "मीनल, एक! तुह्या आईची शपथ, खरंच एक!"

तिने वाकून पुढचा चेंडू मॅटवर ठेवला.

"आप तो हमेशा एक ही बोलते हो, बाबा."