तिसऱ्या मेढीपाशी

टक् झालं आणि गाणं पुन्हा मेलं. हळदीत नाचणाऱ्या बाया हात वर धरून तशाच उभ्या राहिल्या.

"गेलं सकूचं डबडं!" तुषार ओट्यावरून ओरडला. हा सकूचा चुलतभाऊ. त्याची डीजेची गाडी खोडाळ्याला उभी होती, एका फोनवर येणारी.

"डबडं तुझं तोंड!" सकू म्हणाली.

सतरा वर्षांची सकू. दहावीत मास्तरांशी भांडून शाळा सोडली ती सोडलीच. हा रिसिव्हर, गाणी वाजवायचं मशीन, तिच्या भावानं, आजच्या नवरदेवानं, मुकेशनं ठाण्याच्या भंगारातून आणला होता. जव्हारला अनीसचाचाच्या दुरुस्तीच्या दुकानात बसून सकूनं तो बोलता केला. चाचा बापाला म्हणाला, "लडकी का हाथ साफ है. पाठवा माझ्याकडे कामाला." बापानं दोन महिने विषय टाळला. मग म्हणाला, "मुकेशच्या हळदीला तुझं मशीन लाव. हळद निभावली तर जा जव्हारला. नाय तर दुकानाचं नाव काढायचं नाय."

आणि दुपारपासून मशीन चारदा बंद पडलं होतं. पडद्यावर दरवेळी एकच शब्द, प्रोटेक्ट.

"तापलं असंल," मुकेश म्हणाला. सकूनं हात लावला. थंडगार. प्लग दाबून झाला, आवाज कमी करून झाला. एकटीनं लावलं की अख्खं गाणं वाजायचं. बाया अंगणात उतरल्या की टक्.

"आमाला बघून लाजतंय गं," कोंडीमावशी म्हणाली. बाया खदाखदा हसल्या. सकूची कानशिलं तापली.

बापानं तुषारला खूण केली. "लाव फोन."

"एक गाणं, बाबा! एकच."

या खेपेला तिनं मशीनकडे बघितलंच नाही. उकिडवी बसून बायांचे पाय बघत राहिली. रांग फिरत आली. मांडवाच्या खांबांतली पहिली मेढ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या मेढीपाशी कोंडीमावशीनं टाच आपटली.

टक्.

सकू उठली. मशीन घरात, स्पीकर अंगणाच्या पार टोकाला. मधे नुसतं गुळगुळीत सारवण.

"वायर कुठंय?"

"मीच दाबली सारवणाखाली," गोदाआत्या ऐटीत म्हणाली. "कुणाचा पाय अडकायला नको."

"दादा, वायर अखंड होती?"

मुकेशनं हळदीच्या हातानं डोकं खाजवलं. "दोन तुकडे होते. पीळ मारला. टेप नव्हता."

"मग उघड्या तारा एकमेकींना चिकटतात! मशीन जळू नये म्हणून बंद होतंय बिचारं, आणि तुम्ही त्याला शिव्या देताय!"

तिनं कोयता उचलला. गोदाआत्या आडवी आली. "हात लावून बघ! आठ दिवसांनी टँकर आला, त्याच्या पाण्यानं सारवलंय!"

"सरक आत्या, नाय तर तुझ्यासकट उकरीन."

आत्या सरकली. सकूनं मेढीपाशी वीतभर उकरलं. दोन उघडे पीळ शेजारी शेजारी, टाचांनी चेपून एक झालेले. तिनं ते सोडवले, एक तार आखूड कापली, एक लांब, म्हणजे जोड समोरासमोर यायला नकोत. दुधाच्या पिशवीच्या पट्ट्या गुंडाळून दोऱ्यानं आवळल्या. मग सगळी वायर उपसून मांडवावर चढवली आणि गाणं पुन्हा लावलं.

"ये मावशी. आपट टाच."

कोंडीमावशीनं आपटली. गाणं चालूच. दोन्ही पाय आपटले. चालूच. मग अख्खी रांग उतरली, धुरळा उठला, गोदाआत्या सारवणाच्या नावानं बोंबलत बोंबलत सगळ्यांपुढे नाचायला लागली. पाच गाणी झाली, दहा झाली. पडद्यावर कसला शब्द म्हणून नाही.

तुषारनं फोन खिशात घातला. "वाजतंय बरं," तो पुटपुटला.

बाप गर्दीतून वाट काढत आला, सकूच्या कानाशी वाकला. "जव्हारची सकाळची गाडी कितीला असते?"

"काय? मोठ्यानं बोल ना, बाबा!"

ऐकू तिला पहिल्याच वेळी आलं होतं. पण तिनं त्याला तीनदा ओरडायला लावलं, पार ओट्यावरच्या तुषारला ऐकू जाईपर्यंत.