चुकलेल्या थेंबांचा चमत्कार

दुपारी चाचणीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पॅकिंगवाले, सोल्डरिंगच्या मावशी, गाडीचा ड्रायव्हर, झाडून सगळे सतरा नंबरच्या पंपाभोवती जमले होते. धुळीमुळे चपला बाहेर काढायच्या हा खोलीचा जुना नियम, त्यामुळे भक्तिभावाची अर्धी तयारी आपोआप झाली होती.

आम्ही सलाइनचे पंप बनवतो. नळीत पडणारा प्रत्येक थेंब पंप एका सेन्सरने पाहतो. वेळेवर थेंब दिसला नाही, तर ‘चुकलेले थेंब’ हा आकडा एकाने वाढवतो. असे चाळीस पंप सोमवारी लहान मुलांच्या वॉर्डात जायचे होते आणि त्यातल्या अकरा पंपांचा आकडा तीन तासांच्या चाचणीत पावणेदोनशेवर जात होता. कारण सापडेना. तेवढ्यात मालकांच्या मेहुण्याला लहरीबाबा सापडले.

बाबा आधी दोन दिवस दिवसभर चालू ठेवलेल्या पंपांच्या पडद्यांसमोर नुसते बसून ‘लहरी मोजत’ होते. मग म्हणाले, “तीन तासांत यंत्र पिकत नाही. पाच तास चालू द्या.”

आता त्यांनी सतरा नंबरवर तांब्याची चकती ठेवली. “यंत्रालाही मन असतं! तुम्ही त्याला करंट देता, माया देता का? या चकतीतून मी विश्वलहर सोडतो. लहर आत, दोष बाहेर. आकडा किती झाला?”

“दोनशे त्रेपन्न, बाबा,” मालक म्हणाले.

“पक्व आहे.” बाबांनी डोळे मिटले आणि पुटपुटायला सुरुवात केली.

त्यांचा मंत्र कधी तीन मिनिटांचा असे, कधी पंचवीस. लांबला तर यंत्राची श्रद्धा कमी पडली, असा खुलासा मिळे. दोनशे चोपन्न झाले. दोनशे पंचावन्न झाले. “दोष वर येतोय, घाबरू नका!” आणि पडद्यावर शून्य आलं. मावशींनी डोळे पुसले. मालकांनी वहीत ‘पास’ लिहिलं. पास झालेला पंप लगेच बंद करून खोक्यात भरत. सतरा नंबर मात्र खोकी संपल्यामुळे तसाच चालू राहिला.

पंपाचा प्रोग्राम मी लिहिलेला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही हे मी सर्वांना सांगून ठेवलं होतं, म्हणून आणखी काही करायची गरज मला वाटली नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं मनाशी म्हणून मी वरच्या मजल्यावर माझ्या जागेवर गेलो. फांदी दहाव्यांदा मोडली होती, हे मी मोजलं नव्हतं.

थोड्या वेळाने मास्तरीणबाई आल्या. तीस वर्षं गणित शिकवून त्या आता आमच्या माहितीपुस्तिका लिहितात. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे तीन रकाने असतात: काय मोजतो, कधी वाढतो, कुठवर मोजतो. तिसऱ्या रकान्यासाठी मी त्यांना दोन महिने टोलवत होतो.

“हा चुकलेल्या थेंबांचा आकडा कुठवर जातो रे?”

“दोनशे पंचावन्न. अख्ख्या पंपाला मेमरी दोन केबी, बाई. त्यात वीस आकडे ठेवायचे, म्हणून प्रत्येकाला एकच बाइट दिला. त्यात तेवढंच मावतं.”

“आणि पुढचा थेंब चुकला तर?”

“तर परत शून्या...”

बाई शांतपणे पेनाचं टोपण लावत होत्या.

“आमच्या जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवनंतर शून्यावर आला होता,” त्या म्हणाल्या. “स्कूटर काही नवी झाली नाही. चल खाली.”

खाली बाबा शेवटच्या, बारा नंबरच्या पंपाची वाट पाहत होते.

“बाबा, हा सतरा नंबर,” बाई म्हणाल्या. “मघाशी तुम्हीच बरा केलात. आता एकेचाळीस दाखवतोय. पुन्हा करा की बरा.”

“हा दोष नवा आहे. अजून अपक्व आहे.”

“आणि बारा? दोनशे एकावन्न झालेत.”

“हा पक्व!”

“मग त्याला हात लावू नका.” बाईंनी खोक्याचा एक तुकडा घेतला आणि बारा नंबरच्या सेन्सरसमोर आडवा धरला. सेन्सर आंधळा झाला. दोनशे बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. शून्य. चकती बाबांच्या हातातच होती.

“म्हणजे दोष गेलाच नव्हता?” मावशींनी विचारलं.

“दोष आहे तिथंच आहे, मावशी,” बाई म्हणाल्या. “मोजणी पहिल्यापासून सुरू झाली, एवढंच.”

“इथे फार नकारात्मक लहरी आहेत,” बाबा म्हणाले आणि ढिगात आपल्या चपला शोधू लागले.

मालकांचा चेहरा पडला होता. “पण असला आकडा बनवला कोणी?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी हात वर केला. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती, कारण सगळ्यात बिघडलेल्या पंपांपुढेच आम्ही ‘पास’ लिहिलं होतं. एक उघडून पाहिला. सेन्सरची काच तिरकी बसली होती. थेंब पडायचा, पंपाला दिसायचा नाही आणि तो आणखी एक सोडायचा, म्हणजे सलाइन ठरल्यापेक्षा जास्त जायचं.

मालकांनी वॉर्डात फोन लावला. “डॉक्टर, सोमवारी पंप येणार नाहीत. आणि काल ‘पास’ झालेल्यांतले दोन नमुन्याला दिलेत ना, ते आधी बंद करा!”

“का हो? छान चालले होते की,” डॉक्टर म्हणाले. “आकडा सकाळी दोनशेवर होता, दुपारी सातवर आला. आपोआप सुधारत होते. पण आमच्या सिस्टर फार शंकेखोर. दर तासाला बाटलीवर पेनाने खूण करतात. बाटली लवकर उतरतेय म्हणून त्यांनी मघाशीच दोन्ही पंप काढून ठेवले. मी आता त्यांना रागावणारच होतो.”

“मुलं?”

“दोघंही ठीक आहेत. का, झालं काय?”

मालक खुर्चीवर बसले. फोन मी घेतला आणि काय झालं ते सांगितलं, माझ्या चुकीसकट.

संध्याकाळी मी बाईंचा तिसरा रकाना भरला. आकडा आता दोनशे पंचावन्नला थांबतो आणि ‘भरला’ असं सांगतो. जुन्या पंपांसाठी खाली लिहिलं: शून्य दिसले म्हणजे दोष नाही, असे समजू नये. या वाक्याला पंपातली मेमरी अजिबात लागत नाही.

वाचकहो, बाबा माझ्या चुकीवर जगला आणि तुमच्याआमच्या न विचारण्यावर. आकडा कोणी दाखवला, यंत्राने, बाबाने किंवा माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाने, तरी तो काय मोजतो आणि कुठवर मोजतो, हे विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत बाटलीवर पेनाने खूण करत राहा. त्या दिवशी दोन मुलांना त्या खुणेनेच वाचवलं.