सतराच्या पुढचं टेंगूळ

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. लांबी साठ सेंटिमीटर, रंग मुळात चांदीसारखा, आता सांगण्यासारखा राहिला नाही. मित्रांनो, तुमच्या दप्तरात जी प्लास्टिकची पट्टी असते ना, तिची मी लांबची मावशी. मी तिच्यासारखी लवत नाही आणि माझ्यावर कोणी फुलपाखरंही छापलेली नाहीत. शिवाय मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. का रागीट, ते ऐका आणि मग काय ते ठरवा.

एका कारखान्यात पत्र्याच्या मोठ्या तावातून मला कापलं. माझ्या कडा घासल्या, अंगावर आकडे कोरले. माझी एक कड जाड आणि सरळ उभी आहे. तिला कटर टेकवून कापायचं असतं. दुसरी कड उतरती आहे, ती फक्त मापासाठी. तिच्यावरून कटर चालवाल तर पातं वर चढेल आणि थेट बोटावर उतरेल. म्हणजे कामाची कड एकच. माणसाला एकच जीव असतो, तशी मला एकच कड. हे नीट ध्यानात ठेवा, माझं सगळं रडगाणं त्या कडेवरच आहे.

दुकानातून मला काकूंनी निवडून आणलं. काकू पुठ्ठ्याच्या पेट्या बनवतात. त्यांना सगळी गल्लीच काकू म्हणते, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चालतं. खिडकीशी कापायचं टेबल, भिंतीशी पुठ्ठ्यांची चवड, कोपऱ्यात खळीचं भांडं आणि वार्निशचा डबा. कापणं काकूंचं, चिकटवणं आणि वार्निश काकांचं, आणि हाताखाली सूनबाई. काका म्हणजे काकूंचे यजमान. माणूस मायाळू, पण हाताला जे लागेल ते हत्यार समजणारा. चमच्यानं खिळा ठोकतील आणि पेचकसानं साखर ढवळतील.

काकूंनी माझ्या पाठीला बुचाच्या सालीची पातळ पट्टी चिकटवली, म्हणजे मी पुठ्ठ्यावर सरकू नये. भिंतीवर एक खिळा ठोकला आणि माझ्या टोकाच्या भोकातून मला त्यावर टांगलं. भिंतीला टेकवून मला कधी उभं केलं नाही, टेकवलेली पट्टी हळूहळू वाकते म्हणून. काम संपलं की ओलसर फडक्यानं माझ्यावरची खळ पुसायच्या, मग कोरड्या फडक्यानं. आठवड्यातून एकदा तेलाचा एक थेंब चोळून पुन्हा पुसून काढायच्या, कारण तेल राहिलं तर डाग पुठ्ठ्यावर उमटतो. लेकराला न्हाऊमाखू घालतात, तसं माझं चालायचं.

आणि कापणं! डाव्या हाताची पाची बोटं पसरून त्या मला दाबून धरायच्या, उजव्या हातात कटर. एका झटक्यात पुठ्ठा कधी कापायच्या नाहीत. तीन वेळा पातं फिरवायच्या, हलक्या हातानं, आणि तोंडानं गुणगुणायच्या:

पहिली माझी रेघ गं, पात्याला दावी वाट
दुसरी माझी रेघ गं, पुठ्ठ्याशी बांधी गाठ
तिसरी माझी रेघ गं, हलकेच सोडी साथ
रेघेला रेघ मिळे, तिथं हसे माझा हात

तिसऱ्या रेघेला पुठ्ठा आपसूक सुटायचा. त्याचा आवाज झाला न झाला असा, पिकलं पान देठापासून सुटावं तसा. कितीतरी वर्षं मी तो आवाज ऐकला. काकूंच्या पेटीचं झाकण ठेवलं की हळूहळू खाली उतरायचं, आतली हवा सुस्कारा टाकत बाहेर यायची आणि झाकण बसायचं. लोक उगाचच ते झाकण दहादा काढून घालून बघायचे.

त्यात सगळ्यात मोठे शौकीन म्हणजे फुंकरमामा. ते बासऱ्या बनवतात आणि प्रत्येक बासरीला एक लांब पेटी काकूंकडून करून घेतात. हे नाव काकांनी ठेवलेलं, कारण मामा बोलता बोलता हातातल्या कशातही फुंकून बघतात. एकदा त्यांनी पुठ्ठ्याच्या नळीत फुंकलं आणि खोलीभर भुगा उडाला. ते म्हणायचे, "काकू, माझ्या बासरीत सूर असतो, पण तुमच्या पेटीत श्वास असतो."

इथवर माझं आयुष्य सुखाचं. आता रागाचं कारण.

एके दुपारी काकू आतल्या खोलीत पडल्या होत्या. काकांनी वार्निश काढून डब्याचं झाकण लावलं. ते एका बाजूनं बसेना. एका बाजूला दाबलं की दुसरी वर येई. काकांनी इकडेतिकडे बघितलं. समोर खिळ्यावर मी. त्यांनी मला काढलं, झाकणावर आडवं ठेवलं आणि माझ्यावर हातोडी मारली! एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हातोडी घसरली आणि माझ्या जाड कडेवर बसली. सतराच्या पुढे बरोबर दोन रेघांवर माझी कड ठेचली गेली आणि तिळाएवढं टेंगूळ बाहेर आलं.

झाकण मात्र बसलं. काका खूश. त्यांनी मला सदऱ्यानं पुसलं आणि परत खिळ्याला लावलं. टेंगूळ त्यांना दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी फुंकरमामांच्या पेट्यांचं काम घेतलं. चाळीस पेट्या, सगळ्या लांब. पातं माझ्या कडेवरून छान निघालं, सतरापाशी आलं, टेंगळावरून उडी मारून बाहेर गेलं आणि पुन्हा आत आलं. इतकीशी ती उडी! डोळ्याला दिसेना, पण झाकणाला कळे. झाकण निम्मं उतरायचं आणि मध्येच अडायचं. सुस्कारा नाही की काही नाही.

मी किती ओरडले असेन! पण पट्टीला तोंड कुठं असतं? आकडे असतात, ते आपले शून्यापासून साठापर्यंत गुमान उभे.

काकूंनी पातं बदललं. कापायची फळी उलटी केली. पुठ्ठा ओलसर असेल म्हणून दुसऱ्या चवडीतला घेतला. टेबल खिडकीच्या आणखी जवळ ओढलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन नवा चष्मा आणला. चहानं हात थरथरतो असं कोणीसं म्हणालं, तर चहा सोडला, आणि चहा सुटल्यावर त्यांचं डोकं दुखायला लागलं. सगळ्यांची झडती झाली, फक्त माझी नाही. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता. मित्रांनो, विश्वासाचासुद्धा राग येऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

मला पुसताना त्यांना टेंगूळ लागायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण हातावरचा भरवसा उडाला, तेव्हा त्यांनी मला पुसणंही सोडलं होतं. काम संपलं की मला तशीच टांगायच्या आणि उठून जायच्या. माझ्या अंगावर खळ वाळत होती.

मग एक दिवस फुंकरमामा आले. अडणारी झाकणं त्यांनी पाहिली. बोलले फार गोड, आणि तेच लागलं. "काकू, किती वर्षं राबलात. आता कापायचं काम सुनेला द्या. तुम्ही नुसतं सांगत बसा. हात थकणारच की हो."

काकू म्हणाल्या, "खरंय." एवढंच. बोलून कटर टेबलावर ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी त्या खळ ढवळत बसल्या. काका म्हणाले, "अगं, माझं काम मला राहू दे की." तर म्हणाल्या, "मग मी काय करू? भिंतीकडे बघू?" काका गप्प झाले. ते गप्प झाले याचाही मला राग आला. बोलायला तोंड असलेला माणूस गप्प!

सूनबाईंनी कापायला घेतलं. काकूंनीच त्यांना शिकवलं होतं आणि हात चांगला तयार होता. पहिली पेटी झाली, झाकण अडलं. दुसरी झाली, झाकण अडलं. सूनबाईंनी कोणाला न सांगता पुन्हा कापलं. दोन दिवस त्या अडलेल्या पेट्या पुठ्ठ्यांच्या चवडीमागे लपवत होत्या. आणि मी खिळ्यावर लटकून तडफडत होते. अगं बायांनो, दोघींपैकी एकीनं तरी माझ्याकडे बघा!

तिसऱ्या दिवशी काकू पुठ्ठा घ्यायला गेल्या आणि चवडीमागच्या पेट्या धडाधड बाहेर आल्या.

"हे काय?"

सूनबाईंचे डोळे भरले. "आई, माझाही हात हलतो."

"तुझा? तुझं वय काय, तुझा हात कशाला हलेल?"

"खरंच हलतो. सतराच्या पुढे गेला की हलतो."

काकू पुठ्ठा उचलता उचलता थांबल्या. "सतराच्या पुढेच?"

"दर वेळी."

"अगं, थरथर काय नोकरीला लागलीय, रोज ठरल्या जागी हजर राहायला?"

काकूंनी कचऱ्याची टोपली पालथी केली. स्वतः कापलेलं एक जुनं कात्रण शोधलं, सुनेचं एक घेतलं, दोन्ही एकावर एक ठेवून उजेडाकडे धरली. उंचवट्यावर उंचवटा बसला. दोन बायका, चार हात आणि खोड एकच. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. माझ्याकडे.

मला खाली काढून त्यांनी माझ्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. दहा, बारा, पंधरा, सतरा. नख अडलं.

त्या खुर्चीत बसल्या, मला मांडीवर घेतलं आणि आपलाच उजवा हात डोळ्यांसमोर धरून पालथा-उलथा करून पाहत राहिल्या. कित्येक दिवसांनी घरी आलेल्या पोराकडे बघावं तशा.

मग आवाज चढला. "अहो! इकडे या जरा."

काका आले. काकूंनी टेंगूळ दाखवलं. काकांनी चष्मा वर केला, खाली केला, मग वार्निशच्या डब्याकडे बघितलं. चोरानं स्वतःलाच पकडून दिलं.

"एकदाच मारली होती गं."

"एकदाच?"

"तीनदा. पण झाकण एकदाच बसवलं."

सूनबाईंना रडता रडता हसू फुटलं. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या एका झाकणापायी मी स्वतःला म्हातारी ठरवलं." काका खाली मान घालून स्वयंपाकघरात गेले आणि कपभर चहा करून आणला. काकूंनी तो घेतला, पण दोन दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. बरं केलं.

तुम्हाला वाटेल, आता माझे दिवस पालटले असतील. कसले! काकूंनी टेंगूळ दगडावर घासून काढलं, पण त्याच्या शेजारी हातोडीनं पाडलेला खड्डा राहिला. पातं आता त्यात पडतं. गेलेली कड परत येत नाही. दुकानातून नवी पट्टी आली, माझ्या खिळ्यावर बसली. काकू पुन्हा खिडकीशी उभ्या राहून कापतात, शेजारी सूनबाई दुसऱ्या फळीवर. मामांच्या चाळीसही पेट्या नव्यानं झाल्या. मी वार्निशच्या डब्यावर पडून असते. परवा काकांचा हात सवयीनं नव्या पट्टीकडे गेला, तर काकू कडाडल्या, "तिला हात लावाल तर बघा! ती जुनी घ्या." तेव्हापासून झाकणासाठी हातोडी मी खाते. निदान नवीला तरी सुटका.

मित्रांनो, कामाचं हत्यार त्याच कामाला वापरा. काम झालं की पुसा, टांगा, आणि पुसताना बोटाला त्याच्याशी बोलू द्या, कारण आम्हाला दुसरी भाषा येत नाही. आणि कोणाचं काम बिघडू लागलं, तर त्याचा हात गेला असं चटकन म्हणू नका, अगदी गोड शब्दांतही नाही. आधी त्या हातात काय दिलंय, ते नख फिरवून बघा.

आणि हो, घरात कोणी हातोडी घेऊन पट्टी शोधताना दिसलं, तर त्याला मुकाट्यानं एक लाकडाचा ठोकळा आणून द्या. आजच द्या. काकांना हे अजून कोणी सांगितलेलं नाही.