सात एकनाथराव

शर्वरीनं पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली होती आणि चार महिन्यांनंतर त्यातली चारशे अठ्ठ्याण्णव शिल्लक होती. एक आईनं देवघरात ठेवलं होतं. दुसरं प्रशांत नावाच्या संभाव्य गिऱ्हाइकाच्या खिशात होतं, आणि शर्वरीचं सगळं भवितव्य सध्या त्या खिशात होतं.

कार्डावर लिहिलं होतं, ‘स्वतंत्र सल्लागार अभियंता, खाद्यपदार्थांच्या पॅकिंग लाइन’. त्यातला ‘स्वतंत्र’ लोकांना पचत नसे. कारखान्यात कोणती मशीनं, किती आणि कुठं बसवायची हे ती सांगणार, पण स्वतः मशीन विकणार नाही आणि विकणाऱ्याचं मिंधेपणही घेणार नाही, असा त्याचा अर्थ. याआधी ती पुण्यातल्या एका मशीन कंपनीत होती. तिथं अरविंद सरांच्या सांगण्यावरून तिनं एका पापडवाल्याला पावडर भरायचं मशीन विकलं होतं. मशीननं आपलं काम चोख केलं. पापडांची पावडर केली आणि भरली. दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला आणि नवऱ्याची नोकरी होती त्या हैदराबादला येऊन राहिली.

अरविंद सरांनी मात्र तिची खुर्ची रिकामी ठेवली होती. “तीस तारखेपर्यंत थांबतो,” ते फोनवर म्हणाले. “एक तरी गिऱ्हाईक तुझा अहवाल मान्य करतंय का बघ. नाहीतर ये परत. पापडवाले अजून पुष्कळ आहेत.”

प्रशांतच्या घरचा धंदा येसरचा. भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं पीठ. उकळत्या पाण्यात कालवलं की आमटी तयार. आजोबांच्या काळात मराठवाड्यातून आलेलं कुटुंब, गौलीगुड्यात दुकान, अफझलगंजात कारखाना. चेर्लापल्लीला नवी शेड बांधून आठ महिने झाले होते. तिथं काय बसवायचं यावर घरात एकमत होईना, म्हणून तूर्तास कॅरम बोर्ड बसवला होता.

प्रशांतनं तिला पहिल्यांदा वडिलांपुढं उभं केलं. एकनाथराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पांढरी टोपी, पांढरं धोतर, आणि उजव्या हाताची तीन बोटं मसाल्यानं कायमची विटकरी झालेली.

“बाई, तू काय विकायलीस?”

“काहीच नाही, आण्णा. मी सल्ला देते.”

“सल्ला आमच्या घरीच पिकतो. बाहेरून आणायची गरज नाही पडली अजून.”

“मी आधी मोजते, मग सांगते.”

“मग मोज,” एकनाथराव म्हणाले. “मोजायला कोण नाही म्हणलंय?”

तीन दिवस शर्वरी अफझलगंजच्या कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन बसली. पहिल्या दिवशी ती एकशे चौदा वेळा शिंकली; तेही तिनं वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिला दिसायला लागलं. चार बायका पिशव्यांत दोनशे-दोनशे ग्रॅम येसर भरायच्या, भराभर. शेवटाला गंगू बसायची, बावीस वर्षांपासून पिशवीचं तोंड सील करणारी. तिचा हात तर दिसायचाच नाही. आणि त्या चौघी नि गंगू यांच्या मध्ये एकनाथराव. प्रत्येक पिशवी त्यांच्यापुढं यायची. ते तीन बोटांनी वर एक चिमूट टाकायचे आणि पिशवी पुढं सरकवायचे. मिनिटाला नऊ. कोणी भेटायला आलं की मिनिटाला चार. चहा आला की शून्य. मागं भरलेल्या पिशव्यांचा ढीग, पुढं गंगू हात बांधून बसलेली.

“वजन तर आधीच पूर्ण झालंय. मग ही चिमूट कशाला?” शर्वरीनं गंगूला विचारलं.

गंगूनं आवाज खाली आणला. “मालक म्हणतेत, वजन गिऱ्हाइकाचं, चिमूट माझी.”

संध्याकाळी प्रशांत तिला जिन्याशी गाठून म्हणाला, “मॅडम, समजलं ना कुठं अडतंय ते?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्यांना माहीत आहे. पण घरातलं कोण बोललं तर त्याला परत घरातच राहायचं असतं की. तुम्ही बोलून निघून जाऊ शकता.”

“मी इथंच राहते, हैदराबादला.”

“हौ, पण आमच्या घरात तर नाही ना.”

शर्वरीला त्या क्षणी आपल्या कार्डावरच्या ‘स्वतंत्र’ शब्दाचा पूर्ण अर्थ कळला. तो छापताना तिला एवढा माहीत नव्हता.

तरी तिनं अहवाल लिहिला. एकनाथरावांची अट होती की तो मराठीत हवा. तिनं मराठीत लिहिला, चौदा पानं. खरा अहवाल आहे तसं चालू ठेवण्यापासून सुरू होतो, अशी तिची शिस्त होती. म्हणून पान चारवर तिनं हिशेबाला धरून लिहिलं: ‘नव्या शेडमध्ये मिनिटाला साठ पिशव्या हव्यात. श्री. एकनाथराव मिनिटाला नऊ करतात. पर्याय क्रमांक एक: सात एकनाथराव.’ वाचणारा हसेल आणि पान उलटेल, अशी तिची समजूत होती.

बैठक गौलीगुड्याच्या दुकानाच्या माडीवर भरली. प्रशांत होता, पुतण्या विकास होता, भिंतीला टेकून गंगू होती. अठ्ठावीस तारीख होती. शर्वरीनं घसा साफ केला आणि सांगितलं, “लाइन एका ठिकाणी अडते. आण्णांच्या चिमटीपाशी.”



“काहीतरी काय, मॅडम!” प्रशांत म्हणाला, आणि सर्वांत आधी म्हणाला. “आण्णा, तुम्ही मनावर नका घेऊ. बाहेरचं माणूस आहे, त्यांना काय समजतं?”

“हौला, येडा समजलाव का आमच्या काकांना?” विकासनं भर घातली. कालच त्यानं शर्वरीला ‘मॅडम, जरा जोरात लिहा’ असा मेसेज पाठवला होता.

 एकनाथरावांनी अहवाल पुढं ओढला आणि चष्मा लावला. इथं एक अडचण अशी होती की प्रशांत जामबागच्या इंग्रजी शाळेतला, विकास त्याहून पुढच्या इंग्रजी शाळेतला. मराठी दोघंही दिवसभर बोलायचे, पण वाचायची म्हटली की दुकानाच्या पाटीपुढं त्यांची गाडी जात नसे. म्हणजे चौदा पानी अहवाल घरात वाचू शकणारा माणूस एकच, आणि अहवाल त्याच्याविरुद्ध.

त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पान एक. पान दोन. पान तीनवर पाणी प्यायले. पान चारवर त्यांचं बोट थांबलं.

“पर्याय क्रमांक एक,” ते मोठ्यानं म्हणाले. “सात एकनाथराव.”

त्यांनी चष्मा काढला.

“बरोबर आहे हे.”

“आण्णा, पुढं अजून पर्याय आहेत,” शर्वरी घाईघाईनं म्हणाली.

“कशाला? मिळाला की एक.” त्यांनी अहवाल मिटला. “पोरगी हुशार आहे. प्रशांत, सगळ्या नातेवाइकांना निरोप धाड. उद्या सकाळी कारखान्यात. मी धरून सात पाहिजेत.”

“मॅडम, हे काय लिहिलाव तुम्ही?” जिना उतरताना प्रशांत कळवळून म्हणाला.

“तुम्ही वाचायला हवं होतं.”

“वाचता आलं असतं तर तुम्हाला कैकू बोलावलं असतं?”

एकोणतीस तारखेला सकाळी नऊला अफझलगंजच्या कारखान्याबाहेर एकेचाळीस नातेवाईक रांगेत उभे होते. काही नांदेडहून रात्रीच्या गाडीनं आले होते. एक जण लग्नाचं बोलणं आहे समजून फेटा बांधून आला होता. त्याला कळल्यावरही त्यानं फेटा काढला नाही. मध्ये टेबल, टेबलावर शर्वरीचा काटा, दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा.

“तू स्वतंत्र आहेस ना?” एकनाथराव म्हणाले. “मग तूच मोज. घरच्यांचा भरवसा नाही.”

सुरुवात त्यांनीच केली. शंभर चिमट्या. शर्वरी एकेक आकडा लिहीत गेली आणि तिचा हात हळूहळू सावकाश चालायला लागला. तीन. तीन. तीन. दोन पूर्णांक नऊ. तीन. तिनं आयुष्यात खूप मशीनं तपासली होती, त्यातल्या निम्म्यांना हे जमलं नसतं.

मग एकनाथरावांनी हाक दिली, “पुढचा!”

विकास आला. त्याची पहिली चिमूट पाच ग्रॅम, दुसरी एक, तिसऱ्या वेळी फोन वाजला आणि चिमूट फोनवर पडली. “पुढचा!” प्रशांतची चिमूट नेमानं दोनच्या खाली. एकनाथराव मुलाला म्हणाले, “बापाच्या नावानं चिमूट टाकायलास, आणि त्यातबी हात आखडायलास?” फेटेवाल्यानं चिमूट घेतली, वर नेली आणि शिंकला, काट्यावर उणे आकडा आला. शर्वरीनं तो तसाच लिहिला. दुपारपर्यंत रांग संपली. एकेचाळीसांपैकी एकालाही सलग दहा जमल्या नव्हत्या.

“तू टाक,” एकनाथराव शर्वरीला म्हणाले.

तिनं टाकली. एक पूर्णांक दोन.

“पुणं,” एकनाथराव म्हणाले, आणि विषय संपवला.

कोपऱ्यात गंगू पिशव्या आवरत होती. शर्वरीनं तिला बोलावलं. गंगू आधी लाजली, मग पदराला बोटं पुसून टेबलापाशी आली. तीन. तीन. तीन. शंभरच्या शंभर.

“कवा शिकलीस गं?” एकनाथरावांनी विचारलं.

“तुमच्याकडं बघायलेच की बावीस वर्षं, मालक. तुम्ही चहाला गेल्यावर कोण टाकायलंय?”

एकनाथरावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणजे दोन एकनाथराव झाले, आणि पाच कमी. रांगेतली माणसं बाहेर सावलीत बसून जेवण कधी आहे ते विचारत होती. त्यांनी एकदा त्या सगळ्यांकडं पाहिलं, एकदा विकासकडं पाहिलं.

“हे माझ्या नावानं चिमूट टाकणार?” ते म्हणाले. “त्यापरीस मशीन बरं. बाई, पुढचं पान काढ.”

शर्वरीनं पान पाच काढलं. पर्याय दोनमध्ये दोन मशीनं होती. पहिलं पिशवीत दोनशे ग्रॅम भरणारं. त्याच्यापुढं दुसरं, लहान, तीन ग्रॅम टाकणारं आणि बाकी काहीच न करणारं.

“दोन कशाला?” प्रशांत म्हणाला. “एकातच दोनशे तीन भरलं तर?”

“भरता येईल,” शर्वरी म्हणाली. “पण मग ते सगळं वजनच झालं. चिमूट राहिली कुठं?”

एकनाथरावांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडं, गिऱ्हाइकाकडं पाहावं तसं, नीट पाहिलं.

“कोणाचं मशीन घ्यायचं?”

तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. अरविंद सरांचा मेसेज होता: ‘आपल्या कंपनीचं नाव लिही. परवा जॉइन हो. प्रमोशनसकट.’ त्यांचं मशीन वाईट नव्हतं. चांगलं आहे, हेही तिनं कधी मोजलं नव्हतं.

“नाव मी सांगणार नाही, आण्णा,” ती म्हणाली. “ज्याला विकायचंय त्यानं इथं यावं, तुमच्या येसरच्या दोनशे चिमट्या या काट्यावर टाकून दाखवाव्यात.”

“रांगेत?”

“रांगेत.”

“पान दे,” एकनाथराव म्हणाले, आणि पान पाचवर, मार्जिनमध्ये, विटकरी अंगठ्यासकट सही केली. अहवाल मान्य झाला. तीस तारखेला अजून एक दिवस होता.

पुढच्या महिन्यात चार मशीनवाले आले. त्यातले तिसरे अरविंद सर, सुटाबुटात, ट्रॉलीवर मशीन घेऊन. एकनाथरावांनी त्यांना विकासला दिलं होतं तेच स्टूल दिलं. पहिल्या पन्नास चिमट्या तीनच्या तीन पडल्या, सर हसले. मग पीठ आत दाटायला लागलं. दोन पूर्णांक आठ. दोन पूर्णांक पाच. नव्वदीला मशीननं एक खोकल्यासारखा आवाज काढला आणि उपास धरला.

“प्रशांतवर गेलंय,” एकनाथराव म्हणाले. “पुढचा!”

पुढचं कोइमतूरचं होतं. एकशे नव्याण्णव बरोबर पडल्या, एक चुकली. एकनाथरावांनी ती माफ केली, एखादी आपलीही चुकते म्हणून. चिमटीच्या मशीनवर देखरेखीला गंगू बसणार, हे त्यांनी तिथंच जाहीर केलं, आणि चेर्लापल्लीचा कॅरम बोर्ड विकासच्या हवाली केला.

अरविंद सर ट्रॉलीजवळ रुमालानं कोट झटकत उभे होते. शर्वरीनं त्यांना पाणी नेऊन दिलं.

“खुर्ची आता भरून टाका, सर.”

“टाकतो.” त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “शर्वरी, ते पन्नासनंतर घसरायला का लागलं गं? तुला कळलं असेल.”

“कळलंय,” शर्वरी म्हणाली. तिनं पर्स उघडली आणि त्यांच्या हातात कार्ड ठेवलं. “पण तो सल्ला आहे, सर.”

चारशे सत्त्याण्णव उरली.