दिघ्यांचं शस्त्र

भवानीपूरच्या दिघ्यांकडे पूजेला एक रिव्हॉल्व्हर होतं. काळी दारू आणि गोळी ठासून भरायची, तसलं जुन्या धर्तीचं. पणजोबा ग्वाल्हेरच्या फौजेत होते, त्यांच्या कमरेचं ते, असं घरात सांगत. श्यामकांत दिघ्यांनी त्याचा तोरा उभा जन्म मिरवला. दुसरं मिरवण्यासारखं होतं काय त्यांच्याकडे? विमा कंपनीतली कारकुनी आणि भाड्याच्या दोन खोल्या. पण खंडेनवमीला कलकत्त्यातली चार मराठी घरं त्यांच्याकडे जमत, शस्त्राला हळदकुंकू वाहत, आणि त्या एका सकाळी श्यामकांत कारकून नसत.

शस्त्राची पूजा थोरल्यानं करायची, ही दिघ्यांची रीत. आदल्या दिवशी श्यामकांत सोवळं नेसून बसत आणि देवाच्या भांड्यांबरोबर रिव्हॉल्व्हरही चिंच लावून लख्ख घासत. बायकोला, पुष्पाला, हात लावू देत नसत. धाकटा मनोहर विलायतेत इंजिनीअर होऊन तिकडचाच झाला होता. त्याचं दिवाळीला एक भेटकार्ड येई, बस.

इंजिनीअर व्हायचं खरं तर श्यामकांतांना होतं. शिबपूरच्या कॉलेजात त्यांचं नाव लागलंही होतं. तेव्हा वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हात वर केले. रिव्हॉल्व्हर विकू या, असं श्यामकांत भीत भीत म्हणाले, तर अण्णा कडाडले होते, "पणजोबांचं शस्त्र विकून शिकणार? लाज वाटत नाही?" श्यामकांतांना खरोखरच लाज वाटली. ते मुकाट्यानं नोकरीला लागले. पुढं मनोहरच्या वेळी अण्णांना पैसे कुठून मिळाले, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आज्ञाधारक मुलगा! अशा मुलांचं पुढं काय होतं ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता एकाहत्तर साल उजाडलं होतं. कलकत्त्यात परीक्षा वेळेवर होत नव्हत्या, गल्लीबोळांत नक्षलवाद्यांचे बॉम्ब मात्र वेळच्या वेळी फुटत होते. श्यामकांतांच्या एकुलत्या एका लीनाला पुण्याला मेडिकलला प्रवेश मिळाला. महिनाअखेर फी भरली तर जागा, नाही तर गेली. पोरगी हरखली होती, आरशासमोर उभं राहून स्वच्छ मराठी बोलायचा सराव करत होती. श्यामकांतांनी ठरवलं, पणजोबा रागावले तर रागावोत. अण्णा तर वारलेच होते.

रिव्हॉल्व्हर धोतरात गुंडाळून, वर वांगी ठेवून ते भाजीच्या पिशवीतून निघाले. ट्रामच्या थांब्यावर पोलीस तरुण पोरांच्या झडत्या घेत होते. यांच्या टकलाकडे बघून कुणी पिशवीत डोकावलं नाही. फ्री स्कूल स्ट्रीटवर अराटून नावाच्या म्हाताऱ्या आर्मेनियनाचं जुन्या चीजवस्तूंचं दुकान होतं. जुन्या हत्यारांची किंमत करावी तर त्यानं, असं सगळे म्हणत.

मुलीच्या फीसाठी विकायचंय, असं श्यामकांतांनी सांगितलं. अराटूननं भिंग लावलं. सिलिंडर फिरवलं, नळी उलटी केली आणि एका जागी थांबला. तिथं एक शिक्का होता आणि त्याच्याशेजारी बारीक रोमन आकडे.

"ये आपने साफ किया? किससे?"

"इमली से," श्यामकांत अभिमानानं म्हणाले. "हर साल."

म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. मग त्यानं हिंदीत सावकाश समजावून सांगितलं. हे पणजोबांच्या काळचं नव्हे. ही नक्कल आहे, इटलीतली, आकडे एकोणीसशे एकोणसाठ साल सांगतात. पण त्यातही एक गंमत आहे, तो म्हणाला. अशा नकला निघाल्या त्यातली ही अगदी सुरुवातीची. अमेरिकेतले शौकीन आता असल्या नगांच्या मागं लागलेत. अंगावरची निळी-काळी झिलई शाबूत असती, सिलिंडरवरची जहाजांच्या लढाईची नक्षी शाबूत असती, तर मुलीची दोन वर्षांची फी सहज निघाली असती. ते सगळं चिंचेनं खाल्लं. आता उरलं ते लोखंड. शिवाय हे जुनं नाही म्हटल्यावर परवाना हवा, तेव्हा आजकालच्या दिवसांत ते घेऊन फिरू नका.

"पण आमच्याकडे खरं होतं," श्यामकांत हट्टानं म्हणाले. "मी लहानपणापासून बघतोय. दिघ्यांचं आहे ते."

"दिघे?" अराटूननं चष्मा काढला. "नारायणराव दिघे?"

ते अण्णांचं नाव. श्यामकांतांनी मान डोलावली, आणि त्यानं सांगून टाकलं. खरं रिव्हॉल्व्हर त्यानंच विकत घेतलं होतं, साठ साली. धाकट्या मुलाला विलायतेला पाठवायचंय, असं नारायणराव म्हणाले होते. फक्त एक अट होती, घरातली पूजा मोडता कामा नये. म्हणून अराटूननं इटलीच्या बोटीवरच्या एका अधिकाऱ्याकडून ही नक्कल मिळवून दिली.

श्यामकांतांना आठवलं. त्या साली अण्णांनी शस्त्र दुरुस्तीला दिलं होतं, आणि परत आलं ते कसं नव्यासारखं झळकत होतं! ती झळाळी टिकावी म्हणून तर ते चिंच लावू लागले होते. अण्णा समोर बसून बघत आणि काही बोलत नसत. श्यामकांतांना तिथं, परक्या माणसासमोर, रडू कोसळलं.

ते घरी आले तेव्हा आई गॅलरीत केळफूल सोलत बसली होती. त्यांनी पिशवी तिच्यापुढं आपटली.

"आई, अण्णांनी खरं विकलं होतं. तुला माहीत होतं?"

"होतं." आईनं मान वर केली नाही.

"माझ्या वेळी का नाही विकलं?"

"तू मनोहरपेक्षा हुशार, श्याम. शिकला असतास तर तूही गेला असतास. मग आम्हांला कोण होतं?" ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजी किती चिरायची ते सांगावं तशी. "एकाला ठेवून घ्यावं लागतं रे. तुला राहायची सवय होती."

श्यामकांतांना ओरडावंसं वाटलं. म्हातारीला गदागदा हलवावंसं वाटलं. पंचवीस वर्षं! ती पंचवीस वर्षं या दोघांनी बसून, ठरवून घेतली होती, आणि वर घराण्याचा मान म्हणून त्यांच्या हातात एक खेळणं दिलं होतं.

"लीनालाही राहू दे," आई म्हणाली. "एकुलती एक. पुण्याला गेली की ती काय परत येते? उद्या तुम्हा दोघांना कोण?"

"गप्प बस!" श्यामकांत ओरडले. जन्मात पहिल्यांदा आईवर ओरडले.

आवाज ऐकून लीना धावत बाहेर आली. "बाबा, काय झाला? दुकानवाले काय म्हणाले? मी पुण्याला जाणार ना?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. अजून पंधरवडा हातात होता. ऑफिसात कर्ज मागता आलं असतं. मनोहरला तार करता आली असती, देणं लागत होता तो त्यांचं. पुष्पाच्या पाटल्या होत्या. ट्राममध्ये येताना त्यांनी हे सगळं एकेक करून योजलंही होतं.

"नाही गं बाळा," ते म्हणाले. "नाही जमत."

आणि तसं म्हणून झाल्यावर त्यांना हायसं वाटलं.